एका ओळीचं घर

फळी जितकी खोल, तितकं घर लहान. दोन फूट खोल कपाटात डब्यांच्या पहिल्या रांगेमागे दुसरी रांग जाते, दुसरीमागे तिसरी, आणि तिसऱ्या रांगेतल्या मुगाची आठवण किडे झाल्यावरच होते. कपाट भरलेलं असतं, वापरात मात्र पुढची वीतभर जागाच असते. उरलेली जागा आपण भिंतीला देऊन टाकलेली असते.

याच्या उलट स्टीलची मांडणी बघा. गेली कित्येक वर्षं मुंबईच्या चाळींतून आणि गावोगावच्या स्वयंपाकघरांतून भिंतीला टांगलेली ही वस्तू मला अतिशय देखणी वाटते. खाचांमध्ये ताटं उभी, त्याखाली वाट्या-पेले, खालच्या आकड्यांना कप, कडेच्या जाळीच्या पेल्यात चमचे आणि पळ्या. वरच्या फळीवर डबे, मोठ्याकडून लहानाकडे उतरत गेलेले. एकामागे एक असं काही नाहीच. घासलेलं ताट ओलंच खाचेत उभं केलं की पाणी आपोआप निथळतं, म्हणजे पुसायला वेगळी जागा नको आणि ठेवायलाही नको. नवं माणूस घरात आलं तरी वाटी कुठे आहे, हे त्याला विचारावं लागत नाही.

हे शहाणपण चाळीच्या आधीचं. जुन्या वाड्यांच्या भिंती दोन-तीन फूट जाड असत आणि त्या जाडीतच कोनाडे, दिवळ्या, फडताळं कोरलेली असत. सामान भिंतीच्या पोटात, जमीन मोकळी. मुंबईत भिंती पातळ झाल्या तेव्हा तेच सामान भिंतीवर आलं. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, म्हणजे बीडीडीने, १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि आजच्या ना. म. जोशी मार्गावर तळमजला अधिक तीन मजल्यांच्या चाळी बांधल्या. खोली साधारण १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. तिथल्या आमच्या आत्याच्या खोलीत दाराच्या चौकटीवरून एक अरुंद फळी चारही भिंतींना फिरलेली होती. तिच्यावर तांब्या-पितळेचे हंडे, कळश्या, डबे. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, ते खाली उतरत आणि चिंच लावून घासले जात. रोजच्या वस्तू हाताच्या उंचीवर, आठवड्याच्या पलंगाखाली ट्रंकेत, वर्षाच्या डोक्यावर. हा नियम आत्याने कधी बोलून दाखवला नाही, पण एकही वस्तू त्याबाहेर नव्हती. सकाळी अंथरुणांची चळत पलंगावर रचून वर धुतलेली चादर टाकली की खोली बैठकीची होई. ती चादर चुरगळलेली मी पाहिली नाही.

त्याच दशकात, १९२६ साली, जर्मनीत फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी एक स्वयंपाकघर आखलं. जेमतेम सव्वासहा फूट रुंद आणि अकरा फूट लांब. आगगाडीच्या भोजनडब्यातल्या स्वयंपाकघराचा नमुना त्यांच्यासमोर होता. तांदूळ, साखर, डाळ यांसाठी ॲल्युमिनियमचे खण, एका बाजूला मूठ आणि दुसऱ्या बाजूला तोटी, म्हणजे खण ओढायचा आणि थेट पातेल्यात ओतायचं. पिठाचा खण मात्र ओक लाकडाचा, कारण त्यात पिठातल्या अळ्या टिकत नाहीत अशी समजूत होती. आजच्या मॉड्युलर किचनचं मूळ तिथे सांगतात. मला त्यातलं मोल वाटतं ते प्रत्येक जिन्नसाला त्याच्या मापाची जागा देण्याचं. आपण त्यातले खण घेतले आणि माप सोडलं.

म्हणून आज नवं घर लावणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती मापाचीच आहे. मसाल्याच्या बरण्यांना चार-पाच इंचांची फळी पुरते, पुस्तकांना नऊ-दहा. घडीच्या कपड्यांना पंधरा इंच खूप झाले. हँगरवरच्या कपड्यांना तेवढे दोन फूट हवेत. दाराच्या मागची भिंत, खिडकीखालचा भाग, दोन खांबांमधला खड्डा इथे अशा पातळ फळ्या सहज बसतात आणि वावरायची जमीन शाबूत राहते. पलंगाखाली खण हवेतच, पण गादी उचलून उघडायचे नकोत. झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाला उठवून कोणी चादर काढत नाही. बाजूने ओढता येणारे हवेत.

बीडीडी चाळींतल्या कुटुंबांना पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची घरं मिळत आहेत, आणि त्यांच्यापुढेही हाच प्रश्न येणार आहे. सुतार दोन फूट खोल कपाटाचा आग्रह धरेल. त्यालाही कारण आहे: आठ बाय चारचा प्लाय बरोबर मधोमध कापला की दोन पट्ट्या निघतात, तुकडा वाया जात नाही. पण त्याच प्लायमधून जवळजवळ सोळा इंचांच्या तीन पट्ट्याही निघतात, आणि त्यातही वाया काही जात नाही. तेव्हा तो यायच्या आधी घरातलं सगळ्यात मोठं ताट, सगळ्यात मोठा डबा आणि घडी घातलेली नऊवारी जमिनीवर मांडून टेपने मापा, आणि तो आकडा त्याच्या हातात द्या.