तंगूस, ट्यूब आणि धाडचं पाणी
(पाण्याकाठची दैनंदिनी : भाग चौथा)

शुक्रवार, रात्री. धाड.

भोकरदन सोडलं तेव्हा उन्हं उतरली होती. जालना जिल्हा कुठे संपतो आणि बुलढाणा कुठे लागतो, हे सरकारी पाटी वाचल्याशिवाय समजत नाही. तीच काळी जमीन, तोच मका, वेचणीला आलेला तोच कापूस, आणि उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगराची लांबलचक रांग. धाड हे बुलढाण्याहून संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं बाजाराचं गाव. तिथे गळ टाकायला जातोय म्हटल्यावर पुण्यातल्या मित्रांनी मला वेड्यात काढलं होतं. विदर्भातच जायचं तर नवेगावबांधला जा म्हणाले. पण मला पाहायचं होतं ते हेच: जिथे नद्या दिवाळीनंतर आटतात, तिथले हौशी लोक मासे कुठे आणि कसे धरतात?

आमचे यजमान निवृत्त मास्तर आहेत. जेवणं झाल्यावर त्यांच्या ओसरीवर सामानाचं प्रदर्शन मांडलं गेलं. आमच्यातल्या धाकट्याने पिशवीतून दोन कार्बनचे रॉड काढले. मग एक स्पिनिंग रीळ, एक बेटकास्टर, विणलेली ब्रेड लाइन, पारदर्शक लीडर, आणि खणाखणांच्या डब्यात रबरी बेडूक, चमचे, लाकडी मासोळ्या. मास्तरांनी एकेक वस्तू हातात घेऊन, चष्मा वर करून पाहिली.

"याची किंमत घरी सांगितली का?" त्यांनी विचारलं.

"अर्धी," धाकटा म्हणाला.

मास्तर हसले आणि आत जाऊन आपलं सामान घेऊन आले. प्लास्टिकच्या बाटलीवर गुंडाळलेला तंगूस, टोकाला गळ, त्याच्या वर वजनासाठी सायकलचे दोन नट. बस्स. बाटली डाव्या हातात आडवी धरायची, उजव्या हाताने नट गरगर फिरवून सोडायचे. तंगूस बाटलीच्या तोंडावरून सरसर सुटत जातो. धाकट्याचं स्पिनिंग रीळ हेच करतं. तिथेही फिरकी जागची हलत नाही आणि दोरा तिच्या कडेवरून सुटतो. रिळात जास्तीचा आहे तो ड्रॅग. मोठा मासा ओढायला लागला की रीळ आपण होऊन दोरा सोडतं. बाटलीवाल्याला तो बोटांनी सोडावा लागतो, आणि तंगूस बोट कापतो. मास्तरांच्या तर्जनीवर तसे जुने व्रण आहेत.

शनिवार. करडी धरण.

सकाळी आधी परवानगी. हे सविस्तर लिहायला हवं, कारण शहरातून येणारे बरेच जण इथेच घोळ घालतात. धरण पाटबंधारे खात्याचं असलं तरी त्यातल्या मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. या भागात संस्थेचे सभासद बहुतेक भोई समाजाचे. रोहू, कटला, मृगळ हे वाहत्या पाण्याचे मासे. साचलेल्या पाण्यात ते वाढतात, पण अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरींनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून अंडी घालून घेतली, आणि तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रात तयार होऊ लागलं. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. मुद्दा असा की या धरणातला रोहू बहुतेक कुणीतरी बोटुकली विकत आणून सोडलेला असतो. तो आकाशातून पडलेला नाही.

संस्थेच्या माणसाने तेच आपल्या भाषेत विचारलं, "तुम्ही हौसेनं धरू राहिले, हरकत नाही. पण आमचा रोहू लागला तर कोणाचा?"

डॉक्टर आमच्यातले जुने गळवाले. पवईच्या तलावावर, महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनच्या काठावर घडलेले. ते म्हणाले, "सोडून देऊ."

"सोडलेला जगते का?"

प्रश्न बिनतोड होता. गळ खोल गेला असेल, मासा कोरड्या हाताने धरून दगडावर आपटला असेल, फोटोसाठी पाच मिनिटं वर ठेवला असेल, तर पाण्यात सोडलेला मासा संध्याकाळी पोट वर करून तरंगतो. सोडण्याचं पुण्य पदरात पडतं आणि मासा जातो तो जातोच. शेवटी ठरलं असं: मरळ, शिंगटा, वाम, चिलापी आमचे, रोहू-कटला लागला आणि गळ ओठात असला तर लगेच सोडायचा, नाहीतर काट्यावर घालून बाजारभावाने पैसे द्यायचे. मला हा व्यवहार फार आवडला. हिमालयातल्या महसीरसाठी केलेले नियम बुलढाण्याच्या तलावाला जसेच्या तसे लावण्यात अर्थ नाही. महसीर नदीचा आहे. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या मत्स्यकेंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पिल्लं वाढवून नद्या-तलावांत सोडतात, ती तो टिकावा म्हणून. करडीतला कटला संस्थेच्या वहीत खर्ची पडलेला आहे. दोघांशी सारखं वागून कसं चालेल?

डॉक्टरांनी रोहूचा पवई पद्धतीचा थाट मांडला. स्प्रिंगभोवती चाऱ्याचा गोळा, त्यात खुपसलेले लहान गळ. चाऱ्याची त्यांची पाककृती गुप्त आहे. भाजलेलं चण्याचं पीठ, मेथी आणि मुंबईहून आणलेली एक उग्र वासाची पुडी एवढंच मला ओळखता आलं. मास्तरांनी मात्र सरकीची ढेप कुटून कणकेत मळली. इथल्या प्रत्येक गोठ्यात ढेप असते, आणि धरणात पाणी प्यायला उतरणाऱ्या गुरांमागे मासेही काठाला येतात, असं त्यांचं म्हणणं. थंडीत रोहू पहाटे तोंड उघडत नाही, म्हणून मास्तर आठच्या आधी घरातून हललेच नव्हते. पाण्याच्या वरच्या थराला ऊन लागलं, तशी साडेनऊनंतर काठीची टोकं बोलू लागली. रोहू झडप घालत नाही. तो चाखतो, थुंकतो, पुन्हा चाखतो. शेंडा दोनदा थरथरला म्हणून ओढलात तर रिकामा गळ येतो. शेंडा वाकून तिथेच थांबला की ओढायचं. डॉक्टरांना दोन मिळाले, ओठातच गळ, दोन्ही सोडले. मास्तरांना चिलापी लागत राहिल्या. १९५२ साली भारतात आणलेला हा आफ्रिकी मासा साचलेल्या पाण्यातही वर्षातून अनेकदा पिल्लं घालतो. तलावाच्या तलाव व्यापतो. संस्थेला त्याचा वैताग, बाटलीवाल्यांना मात्र तोच खरा पावतो.

दुपारी धाकट्याची वेळ आली. धरणाच्या शेपटाकडे, जिथे पाणी उथळ होतं, तिथे बेशरमाची झुडपं पाण्यात उभी आहेत. मरळ तिथे असते. तिला हवेतून श्वास घ्यावा लागतो, म्हणून मधूनमधून वर येऊन ती 'गुळुक' करते आणि स्वतःचा पत्ता सांगून जाते. धाकट्याने रबरी बेडूक त्या आवाजाच्या पुढे टाकून उड्या मारवत आणला. या बेडकाचे गळ पाठीला चिकटून झाकलेले असतात. माशाने तोंडात दाबला की रबर चेपतं आणि टोकं उघडी पडतात. म्हणून पाणी फुटल्याबरोबर ओढायचं नाही, मासा बेडूक घेऊन खाली वळेपर्यंत थांबायचं. आणि तंगूस इथे कामाचा नाही. तो ताणला जातो, तेवढ्यात मरळ बेशरमाच्या बुंध्याला वेढा घालते. ब्रेड ताणली जात नाही, पानं-काड्या कापत येते. दीड किलोची मरळ आली. रॉडच्या किमतीबद्दलचं मास्तरांचं मत पाहता पाहता सौम्य झालं.

पण त्यांनी एक बजावलं: आषाढ-श्रावणात इकडे यायचं नाही. तेव्हा मरळीची पिल्लं लाल ढगासारखी एकत्र फिरतात, आणि आईबाप त्यांच्या खाली पहारा देतात. त्या ढगाजवळ काहीही टाकलं तरी ते अंगावर येतात. भुकेने नव्हे, रागाने. त्या वेळी मरळ धरण्यात कसब काहीच लागत नाही, आणि मागे राहिलेली पिल्लं तासाभरात चिलाप्या फस्त करतात.

रविवार. धाड.

दिवसभर वारा आणि ढग. ओसरीवरच बसलो. मास्तरांना मानसोल्लासाबद्दल सांगितलं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा हा बाराव्या शतकातला संस्कृत ग्रंथ. ओवी महाराष्ट्रातल्या बायका कांडताना गातात, ही सुप्रसिद्ध नोंद त्यातलीच. त्यातच 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरण आहे: मासे कोणते, कोणता कुठे राहतो, कुणाला कोणता चारा, गळ-दोरी-काठी कशी असावी. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरांनी १९५१ मध्ये त्यावर लेख लिहिला. एच. एस. थॉमस या मद्रासच्या सनदी अधिकाऱ्याचं 'द रॉड इन इंडिया' आलं १८७३ साली, म्हणजे गळाची हौस साहेबाने शिकवली हा समज साडेसातशे वर्षांनी चुकतो.

"राजाला ठेकेदाराला विचारा लागत नसन," मास्तर म्हणाले.

सोमवार. खडकपूर्णा.

देऊळगाव महीजवळचा हा मोठा जलाशय. चोखोबांचं जन्मगाव मानलं जाणारं मेहुणा राजा याच देऊळगाव राजा तालुक्यातलं, म्हणून नाव संत चोखामेळा सागर. इथे विषय होड्यांचा.

करडीवर मासेमार ट्यूबवर बसतात. ट्रकची जुनी ट्यूब, मध्ये दोरीची वीण, त्यावर माणूस, पाय पाण्यात, दोन्ही हातांत वल्ह्याऐवजी छोटी फळकुटं. वजन नाही, खांद्यावर टाकून घरी नेता येते, जाळ्याशी वाकून काम करता येतं. थर्माकोलचे तुकडे पोत्यात शिवून केलेला तराफाही चालतो, मात्र पोतं फाटलं की पांढरे मणी वर्षानुवर्षं काठाला लागत राहतात. लहान, शांत पाण्यात ट्यूबइतकं सोयीचं वाहन नाही, हे मी डॉक्टरांच्या हवेच्या कयाकपुढेही म्हणेन.

खडकपूर्णावर ते शहाणपण पुरत नाही. पाणी एवढं पसरलेलं आहे की दुपारच्या वाऱ्याला धावायला मैदान मिळतं आणि हातभर लाटा उठतात. डॉक्टरांची कयाक फुगलेली, हलकी. वाऱ्याने ती पानासारखी आडवी नेली. वल्ही मारून जागा धरता येईना. इथल्या मासेमारांची फायबरची होडी जड, तळाला सपाट. तिच्यात उभं राहून जाळं ओढलं तरी कलंडत नाही. नांगर म्हणून पोत्यात भरलेले दगड. आम्ही सामान त्या होडीत हलवलं. धाकट्याच्या सोनारच्या पडद्यावर तळ सरळ न दिसता मध्येच कोसळत होता. होडीवाल्याने कारण सांगितलं: रेती उपशाचे खड्डे. उन्हाळ्यात गुडघाभर पाणी म्हणून माणूस उतरतो आणि पुढच्या पावलाला डोक्यावरून पाणी जातं. शिंगटे मात्र त्या खड्ड्यांच्या कडेलाच बसतात. गांडुळाचा गळ तळाला टेकवून ठेवला आणि दुपारपर्यंत तीन आले. पाठीचा आणि कल्ल्यामागचा काटा टोचला तर हात दिवसभर ठणकतो, म्हणून ते पकडीनेच सोडवायचे.

होडीत लाइफ जॅकेट एकही नव्हतं. आमची तीन होती, एक होडीवाल्याला दिलं. "मी पट्टीचा पोहणारा हाये," म्हणत त्याने ते उशाला घेतलं. पट्टीचे पोहणारेही बुडतात, कारण पाय त्यांचेही जाळ्यात अडकतात. हे त्याला सांगितलं तेव्हा तो गप्प झाला, आणि परतताना त्याने ते अंगात घातलं.

मंगळवार. निघताना.

वाटेत बुलढाण्याला पाणी देणारं येळगावचं धरण पाहिलं. पाणी वाढलं की त्याच्या भाराने आपोआप कलणारे तिथले दरवाजे बघण्यासारखे आहेत. ते पैनगंगेवर, आणि पैनगंगा उगम पावते ती याच डोंगरात, बुधनेश्वरला. गळ गाडीतच राहिले. पुढे ज्ञानगंगा अभयारण्याची हद्द लागते. तिथे मासेमारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी.

या बाजूला येऊ पाहणाऱ्या गळवाल्यांना एवढंच सांगायचं आहे. रॉड तुमचा कितीही महाग असो, पाण्यात उतरण्याआधी संस्थेच्या माणसाला भेटा आणि रोहूचा हिशेब आधी ठरवा. जॅकेट एक जास्तीचं आणा, होडीवाल्यासाठी. आणि तुटलेला तंगूस काठावर टाकू नका, खिशात घालून परत न्या; करडीच्या काठावर आम्हाला पायात तंगूस गुंतलेला बगळा दिसला, आणि तो सोडवायला कुणाच्याही हाती लागला नाही. पुढचा मुक्काम तापीवर, हतनूरला.