गावचे अकरा

लेण्याद्री म्हटलं की आपल्या डोक्यात एक फिक्स पॅकेज असतं. अष्टविनायकाची बस, तीनशेच्या आसपास पायऱ्या, हातातला प्रसाद पळवणारी माकडं, आजीसाठी डोली, गिरिजात्मजाचं दर्शन आणि पुढचा स्टॉप ओझर. दोन तासांत खल्लास! पण दिवाळी उलटल्यावर एखाद्या रविवारी इथे या, दर्शन झालं की लगेच उतरू नका. लेण्यांची तोंडं दक्षिणेकडे आहेत, समोर कुकडीचं अख्खं खोरं पसरलेलं असतं. उसाचे हिरवे चौकोन, कांद्याचे वाफे आणि मध्येच कुठेतरी एक मातकट पट्टा, त्याच्याभोवती फक्कीची पांढरी रेघ. वारा फिरला की लाऊडस्पीकरचा आवाज वरपर्यंत येतो. समालोचक बेंबीच्या देठापासून ओरडत असतो, ‘आणि हा चेंडू गेलेला आहे... थेट उसात!’

मंडळी, तो सीझन सुरू झाल्याचा आवाज असतो.

मुंबईच्या क्लब क्रिकेटचा सीझन भर पावसात सुरू होतो. १९४८ पासून कांगा लीगचा फंडाच तो आहे. चिखल, ओली विकेट आणि बॅट्समनची परीक्षा. जुन्नर-आंबेगावकडे सगळं उलटं. इथे पाऊस आटपल्याशिवाय बॉल हातात घेता येत नाही, कारण स्टेडियम म्हणजे कधी शाळेचं मैदान, कधी गायरान, तर कधी नुकतंच पीक निघालेलं कुणाचं तरी वावर. बाजरी, सोयाबीन घरात आलं, जमिनीतला ओलावा उतरला की पोरं कामाला लागतात. ढेकळं फोडायची, टँकरने पाणी मारायचं, ट्रॅक्टरला रोलर जोडून पिच दाबायची. मग मंडप, स्पीकर आणि चौकाचौकात फ्लेक्स. अमुक चषक, तमुक चषक!

हा सीझन फार मोठा नसतो. चैत्र आला की गावोगावच्या यात्रा सुरू होतात आणि यात्रा म्हणजे बैलगाडा शर्यत. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी दिली, मे २०२३ मध्ये कायद्यावर शिक्कामोर्तबही केलं. तेव्हापासून घाट पुन्हा गजबजले आहेत. शर्यतीचा ‘घाट’ म्हणजे बैल पळवायचा चढाचा ट्रॅक, हे शहरी वाचकांसाठी सांगून ठेवते. यात्रांच्या दिवसांत क्रिकेटकडे कोण बघणार? त्यामुळे दिवाळी ते यात्रा एवढेच महिने पोरांचे. त्यातल्या सुरुवातीच्या मॅचेस सगळ्यात भारी. हात बसलेला नसतो, पोट थोडं सुटलेलं असतं, पिच कसं वागेल ते पिचलाही माहीत नसतं.

मी गेले तो डिसेंबरचा रविवार होता. सकाळी आठला गवतावर दव आणि खेळाडूंच्या डोक्याला मफलर. मंडपात बायका जवळजवळ नव्हत्याच. एका काकांनी स्वतः उठून खुर्ची सरकवली. ‘ताई, इकडं बसा. तिकडं सिक्स येतो!’ पहिल्याच मॅचमध्ये त्यांचं म्हणणं खरं ठरलं.

खेळ साधा आहे. जड, कडक टेनिस बॉल. पॅड नाहीत, ग्लोव्हज नाहीत. सुरुवातीच्या फेऱ्या सहा-सहा ओव्हर्सच्या, म्हणजे आपल्या ऑफिसच्या चहाच्या ब्रेकपेक्षा थोड्याच मोठ्या. बॅटही वेगळी असते. मागून कोरून हलकी केलेली, झटक्यात फिरणारी. छत्तीस बॉलमध्ये सेट व्हायला वेळ कुणाला आहे? बोलरकडे मुख्य शस्त्रं दोनच, पायात टाकलेला यॉर्कर आणि हातातून उशिरा सुटणारा स्लोअर. मैदानाची एक बाजू लांब, दुसरी आखूड आणि आखूड बाजूला ऊस. उसात गेलेल्या बॉलला चौकार जाहीर, कारण तो शोधायला आत शिरायची कुणाची तयारी नसते. त्याचं कारण पुढे सांगते.

आणि हा खेळ आता अगदी गावठी वगैरे राहिलेला नाही बरं का. स्कोअर क्रिकहीरोज अ‍ॅपवर बॉल-टू-बॉल भरला जातो, मोठ्या स्पर्धा यूट्यूबवर लाइव्ह असतात. २०२४ च्या मार्चमध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग झाली. टेनिस बॉल, दहा-दहा ओव्हर्स आणि टीम्सचे मालक चक्क फिल्मस्टार! तेव्हापासून इथल्या प्रत्येक फास्ट बोलरच्या डोळ्यांत एक ट्रायल चमकत असते. लेदर बॉलची स्वप्नंही काही लांबची नाहीत. अजिंक्य रहाणेचं मूळ गाव चंदनापुरी शेजारच्याच संगमनेर तालुक्यात, पुणे-नाशिक हायवेवर आहे.

पण मला त्या मंडपात सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलं ते एक टेबल. त्यावर स्कोअरबुक नव्हतं, आधार कार्डांची चळत होती.

‘एक गाव एक संघ’ हा इथल्या बऱ्याच स्पर्धांचा नियम. ओपन स्पर्धा वेगळ्या, तिथे पैसे मोजून बाहेरचे तगडे खेळाडू आणता येतात. गाववार स्पर्धेत ते चालत नाही. खेळाडू त्याच गावचा हवा आणि पुरावा म्हणून आधार कार्डावर गावचाच पत्ता हवा. समोरच्या टीमला शंका आली की कॅप्टन हात वर करतो, मॅच थांबते, कार्ड तपासलं जातं. आपल्या ऑफिसच्या गेटवरही एवढं कडक चेकिंग नसतं.

ऐकायला हा नियम मजेशीर वाटतो. पण मैदानावरच्या अकरांकडे नीट बघा. मी ज्या टीमच्या बाजूला बसले होते तिच्यात गावात राहणारे फक्त चार जण होते. कॅप्टन त्यातलाच एक. टोमॅटो आणि कांदा करणारा, सीझनमध्ये पहाटे क्रेट भरून नारायणगावच्या मार्केटला जाणारा. बाकीचे सात कुठून आले होते? तिघे चाकणच्या कंपन्यांतून, दोघे मुंबईहून, एक नाशिकहून आणि एक हिंजवडीहून. हा भाग तसा आधीपासूनच बाहेर पडणाऱ्यांचा. मुंबईचे डबेवाले बहुतेक जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ याच पट्ट्यातले. फरक एवढाच की आजोबा वर्षातून एकदा यात्रेला यायचे आणि नातू सेमीफायनलला येतो.

हिंजवडीवाला ओपनिंग बॅट्समन. शनिवारची शिफ्ट मध्यरात्री संपवून, दोन तास झोप काढून, पहाटे पाचला बाइकवर निघालेला. मोशीला फ्लॅट, बायकोचीही नोकरी, मुलगी अडीच वर्षांची. पुढच्या वर्षी तिची नर्सरीची अ‍ॅडमिशन आहे. शाळेला पत्त्याचा पुरावा लागतो. साहजिकच बायकोचं म्हणणं आहे की आधारवरचा पत्ता आता तरी बदल.

‘बदलायचं काय, ऑनलाइन होतं, दहा मिनिटांचं काम,’ तो बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला. ‘पण बदललं की मी इथं प्रेक्षक.’

मग बायकोचा पत्ता दाखव, भाडेकरार दाखव, लाइट बिल दाखव, असे सल्ले आजूबाजूने आले. ते सगळं त्याला माहीत होतं. प्रश्न कागदाचा नाहीच ना. गावात त्याचं घर आहे, पण राहतात फक्त आई-वडील. शेत वाट्याने दिलंय. भाऊबंदकी व्हॉट्सअ‍ॅपवर आहे. या गावाला आपली प्रत्यक्ष गरज आहे, असं वर्षातून किती वेळा वाटतं? डिसेंबरमध्ये कॅप्टनचा फोन येतो तेव्हा. ‘रविवारी ये रे, दहाच होतायत.’

कॅप्टनची बाजूही ऐकण्यासारखी होती. ‘बॅट्समन पैसे टाकून मिळतो मॅडम,’ तो म्हणाला. ‘गाववाला मिळत नाही. आमच्या शेजारच्या वाडीनं यंदा एंट्रीच दिली नाही. पोरं आहेत, पण कार्डावर सगळी पिंपरी-चिंचवडची.’

दुपारी एक ते दोन मैदानावर जेवणाची सुट्टी होते आणि माइकवर देणगीदारांची यादी. पहिलं बक्षीस कुणाकडून, चषक कुणाकडून, बॉल कुणाकडून, पाण्याचे जार कुणाकडून. प्रत्येक नावापुढे ‘मुंबईस्थित उद्योजक’, ‘पुणेस्थित बांधकाम व्यावसायिक’ असं काहीतरी. शहरात बसून हे ऐकलं तर हसू येतं. पण या ऐकण्याची खरी मजा घ्यायची तर मॅच सोडून अर्ध्या तासासाठी वर जा.

गणपतीचं मंदिर म्हणजे लेणं क्रमांक ७. मुळात तो बौद्ध भिक्खूंचा विहार. भल्यामोठ्या सभागृहात एकही खांब नाही, भोवती २० खोल्या. शेजारचं लेणं क्रमांक ६ हे चैत्यगृह. तिथे ब्राह्मीतला एक लेख आहे. तो सांगतो की हे चैत्यगृह दान दिलं सुलसदत्ताने, हेरणिकाच्या मुलाने, कल्याणच्या. म्हणजे बघा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीही जुन्नरच्या कामाला पैसा कल्याणहून आला आणि देणाऱ्याने नाव, बापाचं नाव आणि गाव अगदी ठसठशीत कोरून घेतलं! तेव्हा नाणेघाटाने कोकणातल्या बंदरांचा व्यापार जुन्नरला चढत होता. इथल्या लेण्यांच्या लेखांमध्ये धान्य व्यापाऱ्यांची श्रेणी आहे, स्वतःला यवन म्हणवणारे दातेसुद्धा आहेत. ते इथे राहत होते की नव्हते, हे विचारायला कुणी टेबल मांडून बसलं नव्हतं. दानाला पत्ता चालतो कुठलाही. देणगीदार मुंबईचा चालतो, ठाण्याचा चालतो. खेळायला मात्र गावचाच लागतो.

दुपारची मॅच हिंजवडीवाल्याच्या टीमची. समोरच्यांनी सहा ओव्हर्समध्ये ५२ केले. याच्या टीमची सुरुवात वाईट, पहिल्या ओव्हरमध्ये दोन विकेट. हा मात्र एका बाजूला टिकून. शेवटच्या ओव्हरला ११ हव्या होत्या. पहिला बॉल यॉर्कर, एक रन. दुसरा हुकला. तिसरा उसात, चार. चौथ्यावर दोन. दोन बॉल, चार रन. मंडपातल्या काकांनी खुर्ची सोडली होती. पाचवा बॉल स्लोअर आला. त्याने तो आधीच ओळखला, थांबला आणि लाँगऑनवरून बाहेर भिरकावला. सिक्स!

पुढची पाच मिनिटं काही सांगण्यासारखी नाहीत. भंडारा उधळला गेला, एकजण खांद्यावर चढवला गेला, समालोचकाचा आवाज बसला. कॅप्टन मात्र लगेच बाजूला जाऊन फोन लावत होता. पुढची फेरी पुढच्या रविवारी. नाशिकवाल्याला सुट्टी मिळणार नव्हती. पुन्हा दहाच होत होते.

सहाच्या आत मैदान रिकामं झालं. अंधार पडायच्या आत सगळी आवराआवर होते, कारण या भागात ऊस म्हणजे बिबट्याचं घर. बिबट्यांसाठीचं निवारा केंद्र माणिकडोहला आहे, म्हणजे जुन्नरपासून हाकेच्या अंतरावर. माणसांवरचे हल्ले इथल्यांसाठी पेपरातली बातमी नसते, शेजारच्या वस्तीवरची असते. उसात गेलेला बॉल शोधायला कुणी का जात नाही, ते आता कळलं असेल. मुलं घरी जातात तीसुद्धा घोळक्याने, मोबाइलवर गाणी मोठ्याने लावून. एकेकटं कुणी निघत नाही.

आपण शहरातले लोक पत्ता सहज बदलतो. गॅस, बँक, पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स. एका लॉगिनमध्ये काम फत्ते. बदलायलाही हवाच, कारण आयुष्य तिथे आहे, शाळा तिथे आहे. हिंजवडीवालाही बहुतेक बदलेल, हे त्याला ठाऊक आहे आणि कॅप्टनलाही. निघताना बाइकला किक मारण्याआधी त्याने विचारलं, ‘अ‍ॅडमिशनचे फॉर्म कधी सुटतात?’ कुणीतरी म्हणालं, जानेवारीत. त्याने बोटांवर रविवार मोजले. ‘मग फायनल होतेय,’ तो म्हणाला आणि मोशीच्या दिशेने निघाला.

जायचंय?

पुण्याहून नाशिक हायवेने नारायणगाव, तिथून डावीकडे जुन्नर, पुढे लेण्याद्री. जुन्नरपर्यंतचं अंतर साधारण ९५ किमी. मुंबईकरांना कल्याण-मुरबाड-माळशेज घाट हा रस्ता सोयीचा. सकाळी लवकर लेणी बघून घ्या. ती पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत, तिकीट लागतं. माकडांपासून पिशव्या सांभाळा. स्पर्धा कुठे आहे हे शोधायची गरज नाही, जुन्नरमधले फ्लेक्स वाचत जा. मंडपात खुर्ची मिळेल, चहाही मिळेल. फक्त आखूड बाजूला बसू नका, तिकडं सिक्स येतो.