बुलबुलच्या शेपटीखालचा लाल रंग

गेल्या वर्षी मे महिना संपता संपता भोरच्या एसटी स्टँडवर माझा एक जुना विद्यार्थी भेटला. आता दुधाचा टेम्पो चालवतो. वेल्ह्याकडच्या एका गावातलं मुलाणींचं घर. घरची बोली मराठी. आजोळी भोरला राहून तो आमच्या उर्दू शाळेत शिकला. म्हणाला, "सर, पाऊस लागायच्या आत एकदा वेळवंडीच्या खोऱ्यात चला. धरण आटलंय. बघण्यासारखं आहे."

त्याला बघून मला एक खोडलेलं उत्तर आठवलं. ते पुढे सांगतो.

रविवारी पहाटे निघालो. भाटघरचं धरण 1920 च्या दशकात इंग्रजांनी बांधलं. त्याचं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणपर्यंत जातं. मे महिन्यात तळं आक्रसतं आणि तळाची जमीन उघडी पडते. एरवी पाण्याखाली असणारं कांबरेश्वराचं मंदिर बाहेर येतं, जुन्या बांधांचे दगड दिसायला लागतात. डावीकडे तळं आणि उजवीकडे राजगडाची रांग ठेवून आम्ही भेगाळलेल्या गाळावरून चालत होतो.

"सर, हळू पाय टाका."

मी थांबलो. डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालत होती. माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर खड्यांमध्ये चार अंडी होती, अगदी खड्यांच्याच रंगाची. टिटवी घरटं विणत नाही, उघड्या जमिनीवरच अंडी घालते. त्याने हटकलं नसतं तर माझा पाय त्यांच्यावरच पडला असता. आम्ही लांबून वळसा घेतला, तशी ती गप्प झाली.

आदल्या दिवशी वळीव पडून गेला होता. ओढा तळ्याला मिळतो तिथल्या ओल्या मातीवर पन्नास-साठ फुलपाखरं दाटीने बसली होती. काही फिकट पिवळी, काही काळी, त्यांच्या पंखांवर निळसर-हिरवे ठिपके. मला वाटलं तहान लागली असेल. पण पाण्यापेक्षा त्यांना हवे असतात चिखलातले क्षार. याला चिखलपान म्हणतात. असं बसणारे बहुतेक नर असतात. फुलांच्या रसात मीठ जवळजवळ नसतं. ते इथून शोषून घ्यायचं आणि मीलनाच्या वेळी मादीला द्यायचं. तिच्या अंड्यांना त्याचा उपयोग होतो.

मी मोबाईलमध्ये चित्रं आणि नावं शोधत बसलो. काळं ते 'कॉमन जे'. पिवळ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "याचं नाव नाही माहीत, पण याची अळी बहाव्याची पानं खाते." मोबाईलने नाव सांगितलं, 'कॉमन एमिग्रंट'. एमिग्रंट म्हणजे आमच्या उर्दूत मुहाजिर. मला हसू आलं. रस्त्याकडेच्या बहाव्यावर जन्मलेलं, त्याच झाडाच्या पानांवर वाढलेलं फुलपाखरू आणि नाव स्थलांतरित! "सर, हे तर इथलंच आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, "होय बाबा, इथलंच."

दुपारी आंब्याखाली भाकरी सोडली. समोर करवंदाच्या जाळीत एक पाखरू आलं. काळं डोकं, थोडा तुरा, आणि उडालं तेव्हा शेपटीखाली लालभडक. लालबुड्या बुलबुल. माझा घास हातातच राहिला.

ते उत्तर असं होतं. नववीच्या सहामाहीत मी विचारलं होतं, 'बुलबुलबद्दल पाच वाक्यं लिहा.' मला हवं होतं ते गझलेतलं: गुल आणि बुलबुल, बाग, विरह. या मुलाने मोडक्या उर्दूत लिहिलं होतं, बुलबुलचं डोकं काळं असतं, शेपटीखाली लाल असतं, तो करवंदं खातो. मी लाल पेनाने आडवी रेघ मारली होती आणि शेरा लिहिला होता, 'विषयांतर'.

खरं म्हणजे फारसी-उर्दू शायरीतला बुलबुल हा मुळी वेगळाच पक्षी. तो इराणातला नाइटिंगेल, साधा तपकिरी, रात्री गाणारा. तो मी कधी पाहिलेला नाही, माझ्या विद्यार्थ्यांनीही नाही. आमच्या अंगणातला बुलबुल मात्र त्या मुलाने नीट पाहिला होता. वर्गात त्या दिवशी पक्षी पाहिलेला तो एकटाच असावा.

संध्याकाळी त्याच्या घरी चहाला थांबलो. पडवीतल्या बल्बभोवती पतंग आणि पंख फुटलेली वाळवी जमली होती. त्याने विचारलं, "सर, शायरीतला परवाना हाच ना?" मी इतकी वर्षं शिकवत आलो की परवाना म्हणजे शमेवर जीव ओवाळणारा आशिक. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेलं एक संशोधन मला तेव्हा आठवलं. उडणारे कीटक पाठ उजेडाकडे ठेवून तोल सांभाळतात, कारण लाखो वर्षं उजेड वरून, आभाळातून येत होता. जवळ दिवा आला की वर कुठे आणि खाली कुठे हेच त्यांना कळेनासं होतं आणि ते गरगरत राहतात. मी त्याला हे सांगितलं. तो उठला आणि त्याने बल्ब बंद केला. बाकीचा चहा आम्ही अंधारात प्यालो.

त्या अंधारात मी त्याला खोडलेल्या उत्तराबद्दल सांगितलं. म्हटलं, चूक माझी होती.

तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "ते नाही आठवत, सर. दहावीला उर्दूतच गेलो होतो, ते आठवतं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. नववीच्या पहिल्या तासाला मी मुलांना मैदानाच्या कडेला नेलं आणि म्हटलं, अर्धा तास गप्प बसा, जे दिसेल ते लिहा. उर्दूत शब्द अडला तर मराठीत लिहा. वह्या गोळा केल्या. लाल पेन त्या दिवशी घरीच ठेवलं होतं.