सेटबॅक आणि मधला चौक

शहराचा विकास आराखडा, म्हणजे आपण सगळे ज्याला ‘मास्टर प्लॅन’ म्हणतो तो, भिंतीवर लावला की मोठा देखणा दिसतो. वस्तीचा रंग पिवळा, व्यापारपेठ निळी, कारखाने जांभळे, शेती हिरवी. रांगोळीसारखे सगळे आपापल्या रेघेत बसलेले. या नकाशाबरोबर नियमांचे एक पुस्तकही असते. ते मात्र कोणी भिंतीवर लावीत नाही. कोणत्या रंगात काय बांधावे, किती मजले चढवावेत, पुढेमागे किती जागा मोकळी सोडावी, हे त्यात कोष्टके घालून दिलेले असते. 1961 च्या कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायद्याप्रमाणे आराखडा दर दहा वर्षांनी तपासून सुधारायचा असतो, आणि मसुदा प्रसिद्ध झाला की साठ दिवसांत नागरिकांनी आपले म्हणणे मांडायचे असते. कायदा एवढा उदार आहे, हे आमच्या गल्लीत फारसे कोणाला ठाऊक नाही.

मी ते पुस्तक उघडले ते काही नागरिकशास्त्राच्या ओढीने नव्हे. दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या घराची मागची भिंत खचली. शहापुरातले हे घर पणजोबांनी बांधलेले, मातीच्या भिंतींचे, वर मंगळुरी कौले. रुंदी तेरा फूट आणि लांबी ब्याण्णव फूट. समोर सोपा, मग माजघर, मग मधला चौक, स्वयंपाकघर, न्हाणी आणि शेवटी परडे. दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. आई लग्न होऊन या घरात आली तेव्हा, ‘आगगाडीच्या डब्यात राहायला आल्यासारखं वाटतंय’, असे म्हणाली होती म्हणे.

भिंत खचल्यावर बाबा आणि काका यांचे एकमत झाले (आमच्या घरात ही गोष्ट दुर्मिळ) की आता घर उतरवून नवेच बांधावे. कर्ज काढायचे तर बँकेला मंजूर नकाशा हवा. इंजिनिअर आले, टेप लावली, वहीत आकडे लिहिले आणि म्हणाले, “पुढं-मागं जागा सोडायला पाहिजे, आणि बाजूला एकीकडं तरी मीटरभर. वर किती मजले मिळतील ते गल्लीच्या रुंदीवर.” आजोबा खुर्चीतूनच म्हणाले, “बाजूला कुठली जागा सोडायची? बाजूला शेजारी हाय की!”

आजोबांच्या बोलण्याला सगळे हसले. पण हिशेब तोच निघाला. तेरा फुटांतून मीटर वजा केला की पावणेदहा फूट राहतात. त्यात जिना घातला की खोलीचा बोळ होतो. शिवाय सामाईक भिंतीपासून आपण मीटरभर सरकलो, तर शेजाऱ्याची मातीची भिंत उघडी पडणार आणि बेळगावच्या पावसात ती एक श्रावणही काढणार नाही. नियमाने आमचे घर सुरक्षित होईल आणि शेजाऱ्यांचे पडेल.

तरीही नियम करणारांना वेड्यात काढणे मला पटत नाही. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, दाटीच्या वस्तीत हवा-उजेड नाही याची चर्चा झाली, आणि 1898 साली तेथे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. 1915 साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा आला. (बेळगाव तेव्हा त्या इलाख्यात होते, आणि आमचे शहापूर सांगली संस्थानात.) घराभोवती वारा खेळावा हा आग्रह त्या दिवसांत रुजला, आणि मोकळ्या माळावर चौकोनी प्लॉट पाडायचे असतील तर तो उत्तमच आहे. टिळकवाडी-हिंदवाडीतून सायकलने जाताना कुंपणाआडचे आंबे-फणस पाहून मलाही त्याचा मोह होतो. अडचण एवढीच, की नियमाच्या डोळ्यांसमोर प्लॉट आहे आणि आमच्याकडे आहे ती गल्ली.

आता आमच्या मधल्या चौकात या. तो दहा फूट लांब असेल. वर आभाळ, खाली फरशी, कडेला तुळस आणि धुणे वाळत घालायची तार. माजघरात दिवसा दिवा लावावा लागत नाही तो या चौकामुळे. चारी बाजूंच्या कौलांचे पाणी पन्हाळीने येथे पडते आणि मोरीतून बाहेर जाते. उन्हाळ्यात तापलेली हवा येथूनच वर निघून जाते आणि सोप्याच्या दारातून गार वारा आत ओढला जातो. आजी चौकाला ‘घराचं नाक’ म्हणे. सेटबॅकने जे साधायचे तेच हे काम आहे; जुन्या गवंड्याने जागा बाहेर सोडण्याऐवजी आत सोडली, एवढाच फरक. आतल्या चौकाची कल्पना इंजिनिअरांना परकी आहे असेही नाही. 1970 साली प्रथम निघालेल्या राष्ट्रीय इमारत संहितेच्या पुढच्या आवृत्त्यांतही आतल्या मोकळ्या जागेचा विचार आहे. पण आमचा नकाशा मंजुरीसाठी मांडताना चौकाला काही किंमत येईना. पुढे किती सोडले, मागे किती सोडले, हे विचारले गेले. आत किती आभाळ ठेवले, हे कोणी विचारले नाही.

ज्याची किंमत नाही ते कोण ठेवील? आमच्या डावीकडच्या घरी परवानगीचा नाद सोडून चार मजले उठले आणि चौकावर स्लॅब पडला. आता त्यांच्या माजघरात भर दुपारी ट्यूबलाइट जळते, आणि आमच्या चौकात दहा वाजता उतरणारे ऊन साडेबाराला येऊन एकच्या सुमारास परत जाते. त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. तीन भावांचे संसार त्या छपराखाली आहेत, ते जाणार कोठे? पण त्या अरुंद जिन्यावरून रात्री-अपरात्री धावपळ करायची वेळ आली, किंवा गल्लीत आगीचा बंब आणावा लागला, तर काय होईल याचा विचारही नको वाटतो. पाळता येईल असा नियम असता, तर त्याच्या आधारे त्यांच्याकडून जिना रुंद करून घेता आला असता आणि चौकही वाचला असता.

मग येते ‘अक्रम-सक्रम’. हे कन्नड शब्द आपल्या मराठीने भाषांतर न करता घरात घेतले, यावरूनच त्यांची गरज किती ते कळते. निवासी बांधकामात पन्नास टक्क्यांपर्यंत आणि व्यापारी बांधकामात पंचवीस टक्क्यांपर्यंतचे उल्लंघन दंड घेऊन नियमित करायचे, अशी ती योजना. जानेवारी 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. गल्लीत मात्र ‘होईल पुढंमागं सक्रम’ या भरवशावर स्लॅब पडतच राहिले. पन्नास टक्के चूक पोटात घालायची तयारी ठेवावी लागत असेल, तर कपडा कोणाच्या मापाने बेतला होता, हे शिंप्याला विचारायला नको का?

गल्लीत वाढता येत नाही म्हणून धाकटी भावंडे बाहेर पडतात, आणि आमच्याकडे बाहेर म्हणजे शिवारात. शहापूर, वडगाव, अनगोळ, मजगाव, येळ्ळूर या पट्ट्यातल्या बेळगाव बासमतीचे नाव आजोबांच्या तोंडी अजून आहे. भात निघाल्यावर त्याच ओलीवर मसूर, वाटाणा यायचा. नकाशात जो पट्टा हिरवा, त्यात स्टॅम्पपेपरवर गुंठा-गुंठा जमीन विकली जाते. तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, बिनशेतीचा पत्ता नाही. बळ्ळारी नाल्याला फुगायला लागणारी जागा हीच. ऑगस्ट 2019 मध्ये तो फुगला तेव्हा उभे भात आणि नव्या घरांचे उंबरे एकाच पाण्यात होते. असे असूनही काकांनी तिकडच्या एका गुंठ्याची चौकशी करून ठेवली आहे. घरात तो विषय निघाला की बाबा उठून परड्यात जातात.

खासबागेत आत्याच्या घराचे आणखी निराळे. खाली दोन माग, वर संसार. नकाशावर ते घर पिवळे. पण माग सुरू असतात तेवढा वेळ ते जांभळे असते, असे म्हणावे लागेल. माग थांबला की पाळण्यातले पोर जागे होते, असे आत्या सांगते. तिला रंगांविषयी विचारले तर तिने साडीच्या काठाबद्दल सांगायला सुरुवात केली.

आपल्याच कॉलेजच्या कन्नड विभागातला माझा एक मित्र पलीकडच्या गल्लीत राहतो. त्याचे घर चौदा फूट रुंद. त्यांच्याकडे चौकाला ‘अंगळ’ म्हणतात. नियमांचा कन्नड मजकूर त्याने मला वाचून दाखवला आणि मी टेपचे दुसरे टोक धरले. दर रविवारी आम्ही एक-दोन घरे मोजतो : लांबी, रुंदी, जिना, चौक, पन्हाळीचे पाणी कोणीकडे जाते. सूचनांचा कागद तयार झाला आहे. जुन्या गल्ल्यांचा वेगळा विभाग करून त्यांना वेगळे कोष्टक द्यावे. सामाईक भिंत राहू द्यावी. मोकळी जागा मोजताना आतला उघडा चौक धरावा. आणि जो चौक झाकील त्याला वरचा मजला देऊ नये. शेवटचे कलम मित्राचे. आमच्या शेजारी ते आवडणार नाही, हे मी त्याला सांगितले. त्याने ते खोडले नाही, आणि मीही आग्रह धरला नाही. पुढचा मसुदा निघून साठ दिवस सुरू झाले की कागद दोन्ही भाषांत द्यायचा आहे.

अकरा घरे मोजून झाली आहेत. सात घरांतला चौक उघडा आहे, चार घरांत वर स्लॅब आहे. बाराव्या घरी येत्या रविवारी जायचे ठरले आहे. परवा तिकडून गेलो तेव्हा त्यांच्या दारात वाळू येऊन पडली होती.