सहाव्या वर्षी येणारी दाढ

संपादकांनी फोनवर विषय दिला, ‘लहान मुलांचं रूट कॅनाल’. मी तो थोडा वळवून घेतला आहे, कारण गेल्या वर्षी पावसाळ्यात आलेली आठ वर्षांची एक मुलगी डोक्यातून जात नाही. खालची दाढ किडून पोखरली होती, रात्री ठणकायची. एका दवाखान्यात रूट कॅनाल सांगितलेलं. आई म्हणाली, “डॉक्टर, दुधाचीच आहे ना? मग काढूनच टाका.”

ती दुधाची नव्हती. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेमागे ही कायमची दाढ येते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, म्हणून घरात पत्ताच लागत नाही. खाचा खोल, इनॅमल अजून पुरतं पक्कं न झालेलं आणि ब्रश तिथवर पोचत नाही. जन्मभर चावायची ही दाढ सगळ्यात आधी किडते. वेळेवर दाखवली तर खाचांत सीलंट भरून पुष्कळसं टळतं, पण दुखल्याशिवाय मुलांना आणतं कोण? आणि दुधाच्या दाढाही दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात, हे किती वेळा सांगायचं!

दाढ हिरडीबाहेर आली तरी मुळांची वाढ पुढे तीनेक वर्षं चालते. तोवर मुळाचं टोक उघडं आणि भिंती पातळ असतात. त्या जाड होतात आतल्या जिवंत गरामुळे, ज्याला सगळे नस म्हणतात. रूट कॅनालमध्ये तोच गर मुळाच्या टोकापर्यंत काढतात. आठव्या वर्षी तो गेला की मुळाची नेहमीची वाढ खुंटते. रूट कॅनालमध्ये गराच्या जागी भरतात तो गटापर्चा उघड्या टोकाशी नीट बसत नाही आणि पातळ मूळ पुढे तडकण्याची भीती राहते.

इथे मला जरा खोलात जायचं आहे, कारण यावर माझे सहकाऱ्यांशी नेहमी वाद होतात. आम्हाला शिकवलं होतं की रात्री आपोआप ठणका लागला म्हणजे गर वाचत नाही. पण नुसत्या दुखण्यावरून आतलं नेमकं कळत नाही. किडीखालचा गर सुजलेला आणि मुळांतला शाबूत, असंही असतं. म्हणून वरच्या पोकळीतला गर तेवढा कापायचा, सोडियम हायपोक्लोराइटचा बोळा काही मिनिटं दाबून धरायचा आणि रक्त बघायचं. थांबलं, तर उरलेल्या गरावर एमटीए नावाचं सिमेंट, वर पक्कं फिलिंग आणि स्टीलची कॅप. थांबलंच नाही, तर बेत बदलायचा. एमटीए १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी पुढे आणलं. ते ओलाव्यातच घट्ट होतं आणि गर त्याखाली नवं कठीण आवरण तयार करतो. गर जिवंत ठेवण्याची ही वाट युरोपियन सोसायटी ऑफ एंडोडोंटॉलॉजीने २०१९च्या आणि अमेरिकन असोसिएशन ऑफ एंडोडोंटिस्ट्सने २०२१च्या निवेदनात मान्य केली आहे. तरीही आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या हातात रूट कॅनालच्याच चिठ्ठ्या दिसतात, तेव्हा मला राग येतो. मेलेला गर काढावाच लागतो, त्याबद्दल वाद नाही. जिवंत गर का काढायचा?

दुधाच्या दाढेत गर मेला असेल तर रूट कॅनाल जरूर करावं. मात्र त्यात भरायचं औषध मुळाबरोबर विरघळून जाणारं हवं. गटापर्चा विरघळत नाही आणि खालून येणाऱ्या दाताची वाट अडते.

त्या मुलीचं रक्त चार-पाच मिनिटांत थांबलं. पांढरी कॅप हवी म्हणून आई नाराज झाली, पण मी स्टीलचीच बसवली. मुलांच्या तोंडात ती टिकते. सहा महिन्यांनी एक्स-रेसाठी बोलावलं होतं. आले नाहीत. फोन केला तर वडील म्हणाले, “आता काही दुखत नाही, छान जेवते.” मला तेवढं पुरत नाही. गर न दुखताही मरू शकतो. मुळाचं टोक मिटत आलं आहे का, भिंती जाडावल्या का, मुळाशी काळी सावली तर नाही ना, हे एक्स-रेशिवाय सांगता येत नाही. या आठवड्यात त्यांना पुन्हा फोन करणार आहे.