थांबा, वर येईल



मागच्या लेखात डाळी उन्हात घालण्याबद्दल लिहिलं होतं. आजचा विषय जरा अवघड आहे. पैशाचा आहे, आणि माझ्या एका चुकीचाही आहे.

मी 1978 ची बी.कॉम. लग्नानंतर नोकरी केली नाही, पण घरातला हिशोब, आयकराचे कागद, यांच्या दुकानाचं खतावणीचं काम हे सगळं माझ्याकडेच. त्यामुळे आमच्या गल्लीत आणि मंदिरातल्या महिला मंडळात ‘पैशाचं काही असलं की हिला विचारा’ असं झालं होतं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

2010 च्या सुरुवातीला मी एका जहाज कंपनीचे 500 शेअर घेतले, 58 रुपयांनी. कंपनीचं नाव लिहीत नाही. तिची जहाजं कोरडा माल न्यायची. म्हणजे कोळसा, लोहखनिज, धान्य, खत. हा माल पोत्यात नाही, डब्यात नाही, तसाच जहाजाच्या पोटात ओततात. दारू नाही, तंबाखू नाही, कत्तलखाना नाही, म्हणून मनही स्वच्छ होतं. आपल्याला चालेल असा धंदा आहे असं वाटलं.

हा धंदा आपल्या सांगलीच्या बायकांना समजायला अवघड नाही. हळदीच्या हंगामात ट्रक मिळत नाहीत, भाडं मागेल ते द्यावं लागतं. हंगाम संपला की तेच ट्रक अड्ड्यावर उभे. पण ट्रक उभा असला तरी बँकेचा हप्ता थांबत नाही, ड्रायव्हरचा पगार थांबत नाही, विमा थांबत नाही. जहाजाचं अगदी तसंच. फक्त एकेका मोठ्या जहाजात दीड लाख टनांहून जास्त माल बसतो, आणि हप्ता कोटीत असतो.

या जहाजांच्या भाड्याचा एक निर्देशांक लंडनहून निघतो, बाल्टिक ड्राय इंडेक्स. 20 मे 2008 ला तो 11,793 वर होता. चीनला पोलादासाठी लोहखनिज हवं होतं आणि जहाजं कमी पडत होती. त्याच वर्षी जगभर मंदी आली आणि डिसेंबरात तो 663 वर आला. सात महिन्यांत शंभराचे सहासुद्धा उरले नाहीत. 2009 मध्ये तो पुन्हा चढला, म्हणून मला वाटलं, वाईट काळ संपला. स्वस्तात मिळतंय, घेऊन टाकावं.

एक गोष्ट मी लक्षात घेतली नाही. तेजीत सगळ्यांनी नवीन जहाजं बांधायला दिली होती, आणि जहाज तयार व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. ती सगळी जहाजं नेमकी 2010 नंतर पाण्यात उतरली. माल तेवढा वाढला नाही आणि जहाजं वाढली. त्यात आपल्याकडे 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. मांडवी आणि झुवारीतून बार्जने येऊन मुरगावहून चीनला जाणारं खनिज थांबलं.

शेअर 32 वर आला. मी आणखी 500 घेतले, सरासरी खाली आणायला. त्याच आठवड्यात शेजारच्या अक्का आल्या. अण्णा जाऊन वर्ष झालं होतं. पोस्टातली ठेव मुदत संपून हातात आली होती आणि त्यांना कुठेतरी ठेवायची होती. मी म्हणाले, “अक्का, जहाजाची कंपनी आहे. भाव निम्मा झालाय. थांबलात तर दुप्पट होतील.” त्यांचं डीमॅट खातं उघडायला मीच बरोबर गेले. अक्कांनी 1,500 शेअर घेतले, 48,000 रुपयांचे. मंडळातल्या आणखी दोघींनी थोडे थोडे घेतले.

मग आमचा एक नादच लागला. स्वाध्याय संपला की चपला घालता घालता कोणीतरी विचारायचं, “आपलं जहाज कुठवर आलं?” निर्देशांक लंडनला दुपारी 1 वाजता निघतो, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात साडेपाचला आणि हिवाळ्यात साडेसहाला. साडेपाच ही माझी संध्याकाळच्या स्वयंपाकाची घाईची वेळ, कारण आमच्याकडे सूर्यास्ताच्या आत जेवणं होतात. एका हातात भाकरी आणि एका हातात मोबाईल असं कित्येक दिवस चाललं. हिवाळ्यात तर सामायिकाला बसल्यावर जप ओठांवर आणि मनात आकडा. इष्ट वस्तू हातची जाईल म्हणून झुरत राहणं याला आपण आर्तध्यान म्हणतो. मी ते रोज 48 मिनिटं आसनावर बसून करत होते.

2013 मध्ये 15 रुपयांनी आणखी 1,000 घेतले. 2016 च्या फेब्रुवारीत निर्देशांक 290 वर आला, आजवरचा सगळ्यात खालचा आकडा. याच्या खाली आता काय जाणार, असं म्हणून 8 रुपयांनी 2,000 घेतले. एकूण 4,000 शेअर, 76,000 रुपये, सरासरी 19. सरासरी खाली आणली म्हणून मला हुशार वाटत होतं. खरं तर मी एका पडत्या घराला पुन्हा पुन्हा रंग देत होते.

आता मुख्य चूक सांगते. पैसे गेले ही मुख्य चूक नाही.

वार्षिक अहवाल दरवर्षी येत होता. 2014 चा अहवाल मी नीट वाचला होता. कंपनी व्याजापोटी जेवढं देत होती तेवढा तिचा जहाजांवरचा नफाही नव्हता. प्रवर्तकांचे बरेच शेअर तारण होते. आणि लेखापरीक्षकांनी एक परिच्छेद लिहिला होता, कंपनी पुढे चालू राहील की नाही याबद्दल शंका आहे असा. बी.कॉम.ला ‘गोइंग कन्सर्न’ ही संकल्पना मी पाठ केली होती. त्या परिच्छेदाचा अर्थ मला पूर्ण कळला. मी अहवाल मिटला आणि कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी अक्कांनी विचारलं तेव्हा म्हणाले, “थांबा, वर येईल.”

का म्हणाले? अक्कांनी विकले असते तर माझा सल्ला चुकला हे सगळ्यांना कळलं असतं. एवढंच कारण. परिग्रह वस्तूत नसतो, मूर्च्छेत असतो, असं आपण प्रवचनात ऐकतो. माझी मूर्च्छा शेअरवर होतीच, पण ‘हिला विचारा’ या दोन शब्दांवर जास्त होती.

तिकडे परदेशातही हेच चाललं होतं. ग्रीसची ड्रायशिप्स नावाची कंपनी अमेरिकेच्या नॅसडॅकवर होती. 2016 आणि 2017 मध्ये ती नवे शेअर विकत राहिली आणि भाव फार पडला की अनेक जुन्या शेअरचा मिळून एक शेअर करत राहिली. तिथल्या लहान गुंतवणूकदारांच्या हातातला हिस्सा विरघळत गेला. ते वाचताना मला त्यांची कीव आली. स्वतःची आली नाही.

आमच्या कंपनीची जहाजं एकेक करून कर्ज फेडायला विकली गेली. प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेलं, शेअरचे व्यवहार थांबले. कायद्याने पैसे वाटपाची रांग ठरलेली असते. आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारण असलेल्या बँका आणि कामगार, मग इतर देणी, आणि सगळ्यात शेवटी आपण भागधारक. रांगेत आपल्यापर्यंत पोचेस्तोवर भांडं रिकामं असतं.

आणि मग ऑक्टोबर 2021 मध्ये भाडी वाढली. निर्देशांक 5,600 च्या वर गेला. ज्याची आम्ही अकरा वर्षं वाट पाहिली ते आलं, पण आमच्या कंपनीकडे भाड्याने द्यायला जहाजच नव्हतं.

संध्याकाळी अक्कांचा फोन आला. “अगं, टीव्हीवर सांगतायत, जहाजांचं भाडं खूप वाढलंय. आपलं आता वर येईल ना?”

क्षमावाणी होऊन महिनाही झाला नव्हता. मी त्यांच्या पाया पडून म्हणाले होते, मनाने, वचनाने, कायेने काही चुकलं असेल तर क्षमा करा. त्या ‘काही’मध्ये मी सगळं झाकलं होतं. काय चुकलं ते मला तारखेसकट ठाऊक होतं, आणि तेवढंच सोडून मी क्षमा मागितली होती.

फोनवर म्हणाले, “अक्का, मी घरी येते.”

2014 चा अहवाल घेऊन गेले. सगळं सांगितलं. तो परिच्छेद वाचून दाखवला. अक्का बराच वेळ गप्प बसल्या. मग विचारलं, “तेव्हा विकले असते तर किती आले असते?”

“पंधरा-सोळा हजार.”

“मग तू थांबा का म्हणालीस?”

मला उत्तर देता आलं नाही. मी निम्मे पैसे द्यायला तयार आहे असं म्हणाले. त्या म्हणाल्या, “ते नको. एका कागदावर किती गेले ते लिहून दे. मुलाला सांगायचंय. आणि पुढे कोणाला काही सांगशील तर बुडायचंही सांगत जा.” मला चहा विचारला नाही. उठून आले. पुढचे तीन-चार महिने अक्का माझ्याशी कामापुरतंच बोलल्या, आणि ते बरोबरच होतं. बाकीच्या दोघींकडेही गेले. त्यातली एक हसली, एक रडली.

आपण कृत, कारित आणि अनुमोदना असं तिन्हींचं प्रतिक्रमण करतो. स्वतः केलेलं मला नेहमी आठवायचं. दुसऱ्याकडून करवून घेतलेलं त्या दिवशी पहिल्यांदा नीट मोजलं. माझे 76,000 गेले त्याचं दुःख केव्हाच संपलं. अक्कांचे 48,000 माझ्या खात्यावर लिहिलेले आहेत.

तेव्हापासून काही नियम घेतले आहेत, तुम्हालाही उपयोगी पडतील. शेअरमध्ये किती पैसे ठेवायचे याचं परिमाण ठरवून वहीत लिहिलं आहे, त्यापुढे नाही. भाव पडला म्हणून आणखी घ्यायचं नाही. आज हा शेअर माझ्याकडे नसता तर मी घेतला असता का, हे आधी विचारायचं. अहवाल आला की पहिल्यांदा लेखापरीक्षकांचं पान आणि कर्जाचं पान. आणि विधवा बाईच्या ठेवीला कोणी सल्ला विचारला तर एकच उत्तर, पोस्टातच ठेवा.

डीमॅटच्या पत्रकात ती 4,000 शेअरची ओळ अजून येते. विकता येत नाही, पुसता येत नाही. असू दे.

यंदा क्षमावाणीला अक्कांकडे गेले तेव्हा ‘काही चुकलं असेल तर’ म्हणाले नाही. जे चुकलं होतं ते नाव घेऊन पुन्हा सांगितलं. अक्का म्हणाल्या, “बास की आता. बस, चहा टाकते.”