कड्यावर भार टाकण्याआधी

गडमुडशिंगी, ता. करवीर,
जि. कोल्हापूर
५ डिसेंबर

चि. भाच्यास,

प्रस्तरारोहणाचे दोन प्रकार आहेत. मुक्त आरोहणात चढणारा हातापायांच्या पकडीवरच वर जातो; दोर आणि पेग, म्हणजे भेगेत ठोकायच्या धातूच्या खुंट्या, केवळ पडल्यास सावरण्यासाठी असतात. कृत्रिम आरोहणात कातळात बसवलेल्या साधनावरच अंगाचा भार टाकला जातो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या आत वळलेल्या कातळावर या दुसऱ्या प्रकाराचा आधार घ्यावा लागतो. तिथे प्रत्येक पाऊल एकाच प्रश्नावर अडते: हे साधन किती भार पेलेल?

याचे पहिले उत्तर कातळाकडून मिळते. सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून बनला. म्हणून एकाच कड्यावर टणक पाषाण आणि हाताने निखळणारा मुरमाड पट्टा आलटून पालटून लागतात. हातोडीच्या हलक्या ठोक्याला दगड खणखणला तर तो अखंड असतो. बद्द आवाज आला तर मागून सुटलेला असतो. पेगची परीक्षाही कानानेच होते. आत जाताना सूर चढत गेला तर पेग पकड घेतो आहे, उतरला तर भेग फाकते आहे.

जुने युरोपीय पेग मऊ लोखंडाचे असत. ते भेगेच्या वळणाप्रमाणे वाकत, पण कठीण दगडात टिकत नसत. १९४० च्या दशकात योसेमिटीत जॉन सलाथे या लोहाराने कणखर पोलादाचे पेग घडवले. गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत लोखंड हाताळणाऱ्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. पुढे असे पेग ठोकून आणि उपटून भेगाच रुंदावल्या; तेव्हा १९७२ मध्ये इव्हॉन शुइनार्डने आपल्या सूचीपत्रातून हातोडीविना बसणाऱ्या चोकचा पुरस्कार केला. चोक ही धातूची पाचर निमुळत्या भेगेत खाली ओढली की अडकते. समांतर भेगेत फ्रेंड नावाचे साधन लागते. भार येताच त्याचे पाकळ्यांसारखे भाग बाजूंवर दाबले जातात. भेगच नसेल तर भोक पाडून बोल्ट मारतात. भोकातली भुकटी फुंकून काढली नाही तर बोल्ट पुरता बसत नाही. जुन्या बोल्टवर विसंबू नये: पावसाळ्यानंतर पावसाळे सोसून बाहेरची पट्टी ठीक दिसते, पण आतला दांडा गंजलेला असू शकतो.

अंगावर सामान लावण्याला क्रम असतो. एका जातीची साधने एकत्र, लहानाकडून मोठ्याकडे आणि कॅराबिनरची, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कड्यांची, तोंडे एकाच दिशेला. मग नजर कातळावर ठेवूनही हाताला हवी ती वस्तू सापडते. हातोडी दोरीने बांधलेली असते. कोणतीही वस्तू दुसरीकडे अडकवल्याशिवाय पहिल्या जागेवरून सोडली जात नाही.

चढण्याची कृतीही ठरलेली आहे. नवे साधन बसवून त्यात एट्रियर, म्हणजे पट्ट्यांची शिडी, अडकवतात. ती डेझी चेन या फासेदार पट्टीने कमरेच्या हार्नेसला जोडलेली असते. आधी हलका भार, मग पूर्ण वजन, मग हिसके. त्या वेळी दुसरा पाय जुन्या शिडीत असतो आणि चेहरा साधनापासून वळवलेला, कारण निसटलेला पेग थेट तोंडावर येतो. साधन टिकले की अंग त्यावर जाते, जुनी शिडी काढली जाते, दोर अडकवला जातो आणि वरच्या पायऱ्यांवर उभे राहून पुढची जागा शोधली जाते. अवघडपणाची श्रेणी ए-० ते ए-५ अशी मोजतात. ए-१ मध्ये जवळजवळ प्रत्येक साधन पडण्याचा हिसका झेलते. ए-५ मध्ये मात्र टप्प्यातली साधने केवळ अंगाचे वजन पेलतात. एक सुटले की शिवण उसवावी तशी खालची ओळीने निघत जातात.

नेहमीच्या साध्या कॅराबिनरचे तोंड बंद असताना तो लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन ताण सहन करेल, असे युरोपीय मानक सांगते. तोंड उघडे असेल तर ही मर्यादा ७ किलोन्यूटनवर येते. म्हणून तोंड दगडावर दाबले जाणार नाही अशा बेताने तो अडकवावा.

पहिला आरोहक टप्पा संपवून अँकर, म्हणजे पक्का आधार, रचतो आणि सामानाची पिशवी पुलीने वर ओढतो. दुसरा जुमार या दोर पकडणाऱ्या साधनाने दोरावरून येत साधने काढतो. पेग दोन्ही बाजूंनी ठोकून सैल करावा लागतो. ओझ्यात पाणी सर्वांत जड: माणशी दिवसाला ४ लिटर धरले तर दोघांचे तीन दिवसांचे पाणीच २४ किलो भरते. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर ती वाट टाळावी. ठोकाठोकीने माशा उठल्या तर शिडीत टांगलेल्या माणसाला पळायला जागा नसते.

उतरल्यावर सामान मोजतात, दोर सावलीत वाळवतात आणि हात फिरवून त्याची वीतभर वीतभर तपासणी करतात. चिरलेली पट्टी, चपटा झालेला दोर आणि पूर्ण न मिटणारा कॅराबिनर लगेच बाद करतात. पुढच्या चढाईतला पहिला भार याच निवडलेल्या सामानावर येणार असतो.

तुझा,
मामा